टोंगामध्ये मॉर्मन पंथ एवढा कसा वाढला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोंगा हा प्रशांत महासागरातला लाखभर वस्तीचा देश. तिथले साठ टक्क्यांहून अधिक लोक मॉर्मन आहेत असं वाचनात येतं, ते खरं का? अमेरिकेत जन्मलेला पंथ इतक्या दूरच्या बेटांवर एवढा वाढला कसा? आणि हे पैशाच्या आमिषाने झालेलं धर्मांतर आहे का?

पॅसिफिक बेटांवरच्या चर्चसंस्थांचा अभ्यास हे गेली अनेक वर्षं माझं काम आहे. राहते ऑकलंडला. तिथे दक्षिणेकडच्या मांगेरे, ओटाहुहू भागांत टोंगन घरं पावलोपावली आहेत. टोंगातल्या गावांत राहूनही काम केलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आकड्याचं बघू, कारण बहुतेकांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. चर्चच्या स्वतःच्या हिशेबाने टोंगात त्यांचे ६५ हजारांहून जास्त सदस्य आहेत. २०२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास भरली. भागाकार केला की साठ टक्क्यांच्या वरचा आकडा येतो आणि तोच सगळीकडे फिरतो. पण त्याच जनगणनेत ‘आम्ही मॉर्मन’ असं सांगणारे वीस टक्क्यांहून थोडे कमीच निघाले. म्हणजे तिपटीहून जास्त फरक. यात कोणी खोटं बोलत नाही. चर्चच्या वहीत एकदा बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं नाव चढलं, की तो मरेपर्यंत किंवा स्वतः लेखी अर्ज देऊन बाहेर पडेपर्यंत ते सहसा उतरत नाही. शाळेपुरता मॉर्मन झालेला मुलगा, लग्नानंतर नवऱ्याच्या चर्चमध्ये जाऊ लागलेली मुलगी, वीस वर्षांपूर्वी वेस्लियन चर्चमध्ये परत गेलेलं कुटुंब, नोंद न हलवता न्यूझीलंडला निघून गेलेला तरुण, हे सगळे त्या वहीत आहेत. जनगणनेचा कर्मचारी मात्र दारात उभा राहून ‘तुमचं चर्च कोणतं?’ एवढंच विचारतो. लोक आज स्वतःला काय समजतात हे जाणून घ्यायचं असेल तर मी जनगणनाच धरते. चर्चची वही वेगळ्या कामाची आहे. इतक्या वर्षांत किती टोंगन माणसं या दारातून एकदा तरी आत येऊन गेली, हे तिच्यातून कळतं. आणि ती संख्या थक्क करणारी आहे.

वाढ मात्र खरी आहे, याबद्दल शंका नको. १९८६ च्या जनगणनेत मॉर्मन १२ टक्क्यांच्या आसपास होते, २००६ मध्ये १७ च्या, २०११ मध्ये १८. याच काळात राजघराण्याचं चर्च, म्हणजे फ्री वेस्लियन चर्च, हळूहळू आक्रसत गेलं. तरी ते आजही पहिल्या क्रमांकावर आहे. मॉर्मन दुसऱ्या क्रमांकावर, कॅथलिकांच्या पुढे.

ज्यांना हा पंथ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात तो स्थापन केला. बायबलच्या जोडीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ, आणि मुख्यालय युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत. अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नावच वापरावं. टोंगात मात्र घरीदारी ‘मामोंगा’ हाच शब्द ऐकू येतो, म्हणून मीही इथे मॉर्मन म्हणते आहे.

आता इतिहास. टोंगात हा पंथ आला तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्म आधीच पक्का बसलेला होता, हे नीट लक्षात घ्या. मेथडिस्ट, म्हणजेच वेस्लियन, मिशनरी १८२०च्या दशकात आले. टाउफाआहाउ या पराक्रमी सरदाराने १८३१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे सगळी बेटं एका छत्राखाली आणली आणि तो राजा जॉर्ज टुपोऊ पहिला झाला. त्याच्या १८७५ च्या संविधानात धर्मस्वातंत्र्य आहे, आणि रविवार कायम पवित्र राहील असंही आहे. रविवारी दुकानं बंद, शेत बंद. देशाच्या ब्रीदवाक्यातही देव आधी आणि टोंगा नंतर येतो. त्यामुळे मॉर्मन वाढले ते ‘अख्रिस्ती’ लोकांना ख्रिस्ती करून नव्हे. ख्रिस्ती लोकांनीच एक चर्च सोडून दुसरं धरलं. आपल्याकडे धर्मांतर म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे लावलं तर पहिल्याच पायरीवर चुकायला होतं.

चर्च बदलणं ही टोंगनांना काही नवी गोष्टही नव्हती. १८८५ मध्ये राजा आणि त्याचे पंतप्रधान शर्ली बेकर यांनी सिडनीच्या मेथडिस्टांपासून फारकत घेऊन स्वतंत्र फ्री चर्च काढलं. १९२४ मध्ये राणी सालोटेने ते पुन्हा वेस्लियनांशी जोडलं, तेव्हा ज्यांना ते पटलं नाही ते वेगळे राहिले. १९७८ मध्ये वेस्लियनांमधूनच टोकाइकोलो नावाचा आणखी एक गट फुटला. एकाच गावात चार-पाच चर्चं, एकाच घरात दोन, हे तिथे कोणाला खटकत नाही.

पहिले मॉर्मन मिशनरी, ब्रिगहॅम स्मूट आणि अल्वा बटलर, जुलै १८९१ मध्ये राजधानी नुकुअलोफाला उतरले. म्हाताऱ्या राजाने प्रचाराची परवानगी दिली, पण ऐकायला फारसं कोणी आलं नाही. १८९७ मध्ये काम गुंडाळून सगळे निघून गेले. दुसरा प्रयत्न १९०७ मध्ये सामोआहून झाला आणि तो राजधानीत न होता उत्तरेकडच्या वावाऊ बेटावर, नेयाफूमध्ये झाला. या खेपेला प्रवचनाच्या जोडीला शाळा होती. पोरांना इंग्रजी यावं ही पालकांची गरज होती, आणि ती गरज पुढची शंभर वर्षं या पंथाच्या कामी आली. १९१६ मध्ये टोंगाचं स्वतंत्र मिशन झालं. १९२२ मध्ये सरकारने कायदा करून परदेशी मॉर्मनांना देशात यायला बंदी केली. दोन वर्षांनी तो कायदा मागे घेतला गेला.

माझ्या मते कलाटणी मिळाली १९४६ मध्ये, आणि तीही सरकारच्या आडकाठीमुळे. देशात किती अमेरिकन मिशनरी राहू शकतात यावर सरकारने मर्यादा घातली. हात अपुरे पडले म्हणून मिशनने टोंगन तरुणांना आणि कुटुंबवत्सल जोडप्यांना मिशनरी म्हणून बेटाबेटांवर धाडलं. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’चा टोंगन अनुवादही छापून आला. गोऱ्या पाहुण्याला लोक आदराने नारळपाणी देत आणि ऐकून सोडून देत. दाराशी स्वतःचा मावसभाऊ किंवा दूरचा काका येऊन बसला की मामला वेगळा होतो. त्याला जेवायला वाढावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं, आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. टोंगात ‘काइंगा’ म्हणजे विस्तारित गोतावळा हाच माणसाचा खरा पत्ता असतो. पंथ त्या पत्त्यावर पोचू लागला तो तेव्हापासून.

मग शाळा. टोंगाटापू बेटावर, राजधानीपासून थोड्या अंतरावर, भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर (टोंगात जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्टाच असतो) १९४०च्या दशकाच्या शेवटी लियाहोना हायस्कूल उभं राहिलं. १९५०च्या दशकात चर्चने तरुणांना ‘श्रम मिशनरी’ म्हणून बोलावलं. पगार नाही, फक्त जेवणखाण, पण गवंडीकाम, सुतारकाम, नळकाम हाताखाली राहून शिकायला मिळायचं. त्यांनी गावोगाव काँक्रीटच्या प्रार्थनागृहांचा सपाटा लावला. आज टोंगातून गाडीने जाताना ती इमारत दुरूनही ओळखू येते: आखीव हिरवळ, बाजूला कुंपण, आणि जवळजवळ हमखास एक बास्केटबॉलचं पक्कं मैदान. संध्याकाळी त्या मैदानावर खेळणारी सगळी पोरं मॉर्मन नसतात. गावात दुसरं पक्कं मैदानच नसतं.

लियाहोनाची फी कमी, इमारती चांगल्या, इंग्रजीवर भर, आणि पुढची वाट आखलेली: हवाईतल्या लाइए गावी चर्चने १९५५ मध्ये काढलेलं कॉलेज, आजचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ–हवाई. त्याला लागूनच १९६३ पासून पॉलिनेशियन कल्चरल सेंटर आहे. विद्यार्थी तिथे पर्यटकांपुढे नाचगाण्याचं काम करून शिक्षणाचा खर्च भागवतात. टोंगात ‘शाळेचे मॉर्मन’ असा उल्लेख अगदी सहज होतो, म्हणजे लियाहोनाच्या प्रवेशासाठी बाप्तिस्मा घेतलेले आणि शाळा संपल्यावर पांगलेले. या शाळेची कीर्ती देशाबाहेरही गेली. १९७०च्या दशकात किरिबाटी या दुसऱ्या एका प्रशांत बेटदेशातल्या मुख्याध्यापकाने आपले विद्यार्थी लियाहोनाला पाठवले. ती मुलं मॉर्मन होऊन परतली आणि किरिबाटीत पंथाची सुरुवात त्यांनीच केली.

मग हे आमिष झालं का? हा प्रश्न मला भारतातून आलेला प्रत्येक अभ्यासक विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. माझं उत्तर असं, की शाळा हे आकर्षण होतं यात वाद नाही. पण फक्त शाळेने माणसं आली असती तर ती शाळेबरोबरच गेली असती. खूप जण गेलेही. जी राहिली, त्यांच्या राहण्याचं कारण शोधायला पैसा उलट्या दिशेने बघावा लागतो: चर्चने किती दिला यापेक्षा चर्चला किती आणि कसा द्यावा लागतो.

वेस्लियन चर्चमध्ये वर्षातून एकदा ‘मिसिनाले’ असतं. मी बसले आहे अशा कार्यक्रमांत. समोर टेबल, त्यामागे हिशेब लिहिणारे. एकेका घराण्याचं नाव पुकारलं जातं. घरातली मंडळी उठून पुढे येतात, कधी गात, कधी नाचत, आणि नोटा टेबलावर ठेवतात. मोजणी होते आणि माइकवरून आकडा जाहीर होतो. मागच्या वर्षीपेक्षा कमी आला तर सभेत कोणी काही बोलत नाही, पण ते लक्षात सगळ्यांच्याच राहतं. घराण्याची अब्रू त्या आकड्यात असते. त्यासाठी ऑकलंडच्या, सिडनीच्या नातेवाइकांना महिनाभर आधी फोन जातात, प्रसंगी कर्ज काढलं जातं. यात अभिमानाचा आनंद खराखुरा असतो, मी तो लोकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. पण ज्या घरात एकच कमावता आहे, परदेशात कोणी नाही, त्या घराला तो दिवस फार जड जातो.

मॉर्मनांनाही द्यावं लागतंच, आणि थोडंथोडकं नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा. पण तो लिफाफ्यात घालून बिशपच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाच्या, हाती द्यायचा. आकडा शेजाऱ्याला कळत नाही, माइक नाही, गाणं नाही. ज्याचं उत्पन्न दहा पाआंगा (टोंगाचं चलन) त्याने एक द्यायचा, आणि तो इतर कोणाइतकाच पुरा दाता. शिवाय बिशपला पगार नसतो. तो शाळामास्तर असेल, शेतकरी असेल. त्याला गावाने पोसायचं नसतं. इमारतीचा खर्च सॉल्ट लेक सिटीतून येतो. सर्वसामान्य, सरदार घराण्यातला नसलेला, मधल्या किंवा धाकट्या भावाच्या घरातला माणूस या व्यवस्थेकडे का वळला असेल हे समजायला मग अवघड जात नाही.

धाकट्या भावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. टोंगात जमीन थोरल्या मुलाकडे जाते. कायद्याने सोळा वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला जमिनीचा तुकडा मिळायला हवा, पण वाटायला जमीनच उरलेली नाही. समाज वरपासून खालपर्यंत उतरंडीचा: राजा, सरदार, सामान्य. घरातही बहीण भावापेक्षा वरच्या मानाची. मयताला किंवा लग्नाला ‘फाहू’चा, म्हणजे ढोबळपणे आत्येकडच्या माणसाचा मान सगळ्यात मोठा. उत्तम चटया आणि ‘न्गातू’ म्हणजे झाडाच्या सालीचं रंगवलेलं लांबलचक कापड त्यांच्याकडे जातं. मॉर्मन चर्चने या रचनेच्या शेजारी दुसरी एक शिडी उभी केली. तिथे सामान्य घरातला मुलगा तिशीत बिशप होऊ शकतो, पुढे अनेक वॉर्डांचा, म्हणजे स्थानिक मंडळींचा, मिळून जो ‘स्टेक’ असतो त्याचा अध्यक्ष होऊ शकतो. अठराव्या वर्षी पांढरा शर्ट, कमरेला टुपेनू हे लुंगीसारखं वस्त्र आणि त्यावर टाओवालाची चटई, छातीवर काळी नावपट्टी लावून तो दोन वर्षं मिशनवर जातो. गाव त्याला निरोप द्यायला जमतं. ज्याला जमीन मिळणार नव्हती त्याला प्रतिष्ठा मिळते, आणि ती त्याने स्वतः कमावलेली असते.

बायकांशी बोलताना आणखी एक गोष्ट वारंवार निघते, आणि ती पुरुष अभ्यासकांच्या लेखनात मला कमी दिसते. ती म्हणजे कावा, एका झुडपाच्या मुळांपासून केलेलं पेय. टोंगन पुरुष संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत कावाच्या बैठकीत रमतात. दारूसारखी झिंग नसते, पण वेळ जातो, पैसा जातो, दुसऱ्या दिवशीचं शेत राहतं. मॉर्मन पुढारी कावापासून लांब राहायला सांगतात. सगळे ऐकतात असं नाही. पण नवरा संध्याकाळी घरी असतो, सोमवारी सगळं कुटुंब एकत्र बसतं, एवढ्या कारणासाठी नवऱ्याला या चर्चकडे ओढत आणणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. आणि हेही सांगायला हवं, की याच बैठकीत न बसल्यामुळे मॉर्मन पुरुष गावकीच्या गप्पांतून आणि काही अंशी निर्णयांतूनही बाजूला पडतात.

श्रद्धेचं काय? ती बाजूला ठेवून हा विषय समजत नाही. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये हागोथ नावाचा एक जहाजं बांधणारा आहे. त्याची काही जहाजं गेली ती परत आलीच नाहीत. चर्चच्या नेत्यांनी पॉलिनेशियन लोकांचा संबंध त्या जहाजांशी जोडला. भाषा, जनुकं आणि उत्खनन मात्र एकमुखाने सांगतात, की पॉलिनेशियनांचे पूर्वज आग्नेय आशियाकडून आले. टोंगातल्या लापिता मडक्यांचे (पहिल्या वसाहतकऱ्यांच्या नक्षीदार भांड्यांचे) सर्वांत जुने तुकडे २८०० वर्षांच्या आसपासचे आहेत. मी विज्ञानाच्या बाजूची आहे. पण युरोपियन मिशनऱ्यांनी ज्यांना ‘अंधारातून उजेडात आणलेले’ मानलं, त्या लोकांना कोणीतरी प्रथमच म्हणत होतं की तुमचा उल्लेख धर्मग्रंथातच आहे. याचं मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही.

आणि पूर्वज. मॉर्मन मंदिरात मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा घेता येतो, नवराबायको आणि मुलांची गाठ अनंतकाळासाठी बांधली जाते. त्यासाठी वंशावळ हवी. टोंगन घरांत ती पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ असते. (याच ध्यासापोटी युटाच्या वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म केली. महाराष्ट्रातल्या कुणाच्या पणजोबांचं नाव त्यात असूही शकेल.) टोंगात मंदिर नव्हतं तेव्हा कुटुंबं होतं-नव्हतं विकून न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला जात. तिथलं मंदिर १९५८ मध्ये झालं. अमेरिकन फुटबॉलमधला पहिला टोंगन व्यावसायिक खेळाडू आणि आता चर्चचा वरिष्ठ पदाधिकारी असलेला वाई सिकाहेमा याच्या आईवडिलांनीही हा प्रवास केला होता. १९६८ मध्ये पहिला स्टेक झाला आणि ऑगस्ट १९८३ मध्ये लियाहोनाच्या जवळच नुकुअलोफा मंदिराचं लोकार्पण झालं. ज्या पंथाचं कायमचं मंदिर देशात आहे तो पाहुणा राहत नाही. २०१९ मध्ये नेयाफूसाठी दुसऱ्या मंदिराची घोषणा झाली.

सगळं गुण्यागोविंदाने चाललं असं मात्र समजू नका. सरकारी रेडिओ-टीव्हीवर रूढ ख्रिस्ती परंपरेच्या चौकटीतच बोलायचं असा दंडक होता. त्यामुळे मॉर्मनांना स्वतःच्या संस्थापकाचं नाव घेऊन किंवा स्वतःच्या खास शिकवणीबद्दल तिथे बोलता येत नसे. मोठ्या मयतांमध्ये आणि देवघेवीत मॉर्मन हात आखडता घेतात, ‘अमेरिकन’ झाले आहेत, अशी तक्रार वेस्लियन शेजारी करतात. त्यात तथ्य आहे. लहान, चौकोनी कुटुंबावर दिलेला भर काइंगाच्या मुळाला थोडा धक्का देतोच. पण मी पाहिलेल्या मॉर्मन घरांतही आत्या आली की सगळे बाजूला सरतात आणि चटया तिच्याकडेच जातात.

शेवटी स्थलांतर, कारण त्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. टोंगाची लोकसंख्या कित्येक वर्षं लाखाच्या आसपास अडकली आहे, कारण माणसं सतत बाहेर जातात. मॉर्मनांना हवाई आणि युटाची वाट इतरांपेक्षा जास्त मोकळी. सॉल्ट लेक सिटीच्या आसपास आज टोंगन वस्ती आहे, टोंगन भाषेत चालणारे वॉर्ड आहेत. म्हणजे टोंगातलं मॉर्मन चर्च हा तळाला भोक पडलेला रांजण आहे. वरून माणसं येतात, खालून ऑकलंडला, लाइएला, युटाला जातात, आणि तरी पाण्याची पातळी दर जनगणनेला थोडी वर सरकते. उलट दिशेने पैसा येतो. परदेशातून येणाऱ्या पैशाचं राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण काढलं तर टोंगा जगात अगदी वरच्या देशांत बसतो. त्यातला काही मिसिनालेच्या टेबलावर जातो, काही बिशपच्या लिफाफ्यात, आणि बराचसा शाळेच्या फीमध्ये.

तुम्हाला या विषयावर प्रबंध करायचा असेल तर एक कामाची सूचना. मुलाखतीत ‘तुमचं चर्च कोणतं?’ यावर थांबू नका. आजोबांचं चर्च कोणतं होतं, बदल कोणत्या वर्षी झाला, त्या वर्षी घरात कोण शाळेत होतं आणि कोण परदेशी गेलं होतं, हे चार प्रश्न विचारा. मयत कोणत्या चर्चच्या पद्धतीने झालं आणि चटया कोणाला गेल्या, हा पाचवा. आणि नमुना फक्त टोंगाटापूवर घेऊ नका. वावाऊमधली १९०७ पासूनची जुनी मॉर्मन घराणी आणि लियाहोनामुळे आलेली राजधानीजवळची कुटुंबं, यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.